माझा लेख बाजारात फिरला

लग्नानंतर दोन वर्षांनी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, आम्ही महाडहून सिल्वासाला आलो. नवऱ्याला गलोंड्याच्या बाजूला निघालेल्या एका नव्या कारखान्यात सुपरवायझरची नोकरी लागली होती आणि मला वर्षभरात तिथल्या मराठी शाळेत. पाच वर्षं काढायची आणि परत जायचं, असं ठरलं होतं. पाच वर्षं उलटून गेली तरी आम्ही तिथेच. या वर्षांत तुम्हाला सगळ्यात जास्त छळलं कोणी, असं मला कोणी विचारलं असतं, तर मी चौथी ‘ब’च्या मुलांचं नाव घेतलं नसतं, तपासणीला येणाऱ्या साहेबांचंही नाही. मला छळलं ते बाजारातल्या तीन दुकानदारांनी. आणि त्या तिघांना सोडून दुसरीकडे जायचं माझ्याने कधी झालं नाही, याचा राग वेगळाच.

पहिला आमचा वाणी. पन्नाशीचा गुजराती माणूस, पांढरा सदरा, कपाळाला गंध. त्याच्या दुकानात आपण मागू ते मिळायचं नाही, त्याला जे द्यावंसं वाटेल ते मिळायचं. मी पोहे मागितले की तो पिंपात हात घालून मूठभर पोहे उजेडात धरायचा आणि परत पिंपात टाकायचा.

“आज नको, बेन. जाडे आलेत.”

“असू देत, शेठ. मला चालतील.”

“तुमच्या साहेबांना नाही चालणार. गुरुवारी या.”

मग मी पोह्यांऐवजी त्याने दिलेला रवा घेऊन घरी यायची. कुळीथ मागितले तर तो इतका दुखावला जायचा की जणू मी त्याच्या दुकानात गुरांची पेंड मागितली. त्याच्या मते कुळीथ बैलांना घालतात, मास्तरणीने खायची ती वस्तू नव्हे. एकदा मी बोलताबोलता नवऱ्याला पित्ताचा त्रास आहे असं म्हणाले, ती माझी मोठी चूक. त्या दिवसापासून मी दोन किलो तूरडाळ मागितली की एक किलो तूरडाळ आणि एक किलो मूगडाळ पिशवीत पडायला लागली. तिखट मागितलं की तो विचारायचा, “मागचं संपलं एवढ्यात?” आणि रांगेतल्या चार बायका माझ्याकडे वळून बघायच्या.

दुसरा टेलरमास्तर. तो धुळ्याकडचा. गळ्यात टेप सदैव लोंबकळत असायची, पण मी ती कधी वापरलेली पाहिली नाही. “माप माझ्या डोळ्यात राहतं, बाई,” असं म्हणायचा आणि माझ्याकडे एकदा नजर टाकून कापड घडी करून ठेवायचा. त्याच्या डोळ्यातलं माप नेहमी माझ्यापेक्षा दीड इंच मोठं असे. मी तक्रार केली की शांतपणे सांगायचा, “माणूस वाढतोच ना, बाई. पुढच्या वर्षी बरोबर बसेल.” दरवर्षी मी पुढच्या वर्षीचे ब्लाउज घालून शाळेत जात होते. शिवाय दिलेल्या तारखेला ब्लाउज तयार नसायचाच. तारीख विचारली की तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे असा बघायचा की ते दुसऱ्याच कोणाचं आहे.

तिसरा पेपरवाला काका. त्याचं वह्या-पेन्सिली, मासिकं, वर्तमानपत्रं असं लहानसं दुकान चौकात होतं. मुंबईचे मराठी पेपर वापीपर्यंत गाडीने आणि तिथून बसने यायचे, आमच्या हातात पडायचे ते दुपारी. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार अशी की काका स्वतः गुजराती असून मराठी मासिकं आल्याआल्या गिऱ्हाइकाच्या आधी वाचून काढायचा. मराठी त्याने अशीच शिकून घेतली होती. त्यामुळे त्याचं बोलणं बाजारात कोणाच्याच बोलण्यासारखं नव्हतं, छापील होतं. “पाऊस पडतोय” असं तो म्हणायचा नाही, “पर्जन्यवृष्टी सुरू आहे” म्हणायचा. मी पैसे भरून मागवलेला दिवाळी अंक माझ्या हाती यायचा तो चहाचा गोल डाग पडलेला, कोपरे दुमडलेला आणि अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघा मारलेला. देताना वर सांगायचा, “बेन, तिसरी कथा वाचू नका. शेवटी नायिका मरते.”

हे सगळं मी सात-आठ वर्षं सोसलं. मग माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. मोरपंखी साडीवरचा ब्लाउज टेलरमास्तरकडे दोन महिने आधी दिला. निघायच्या दिवशी सकाळी तो मिळाला, गळ्याला इतका मोठा की खांद्यावर राहीना. महाडला जाऊन दुसरा शिवायला वेळ नव्हता. लग्नाच्या प्रत्येक फोटोत मी उजव्या हाताने पदर गळ्याशी घट्ट धरून उभी आहे. एका मावशीने आईला बाजूला घेऊन विचारलं, हिची तब्येत बरी नाही का.

परत आले ती पेटलेलीच. मे महिन्याची सुट्टी होती. एका दुपारी बसले आणि शाळेच्या उरलेल्या परीक्षेच्या कागदांवर सलग चौदा पानं लिहून काढली. वाणी, टेलर, पेपरवाला, तिघांनाही सोडलं नाही. वाण्यावर सगळ्यात जास्त लिहिलं, कारण त्याच्याकडे मी आठवड्यातून दोनदा जात होते. लिहून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की ती पानं फेकून दिली असती तरी चाललं असतं. पण तीच पानं मी स्वच्छ अक्षरात उतरवली आणि नाशिकहून निघणाऱ्या एका छोट्या दिवाळी अंकाला पाठवली. ऑगस्टमध्ये संपादकांचं पोस्टकार्ड आलं. ‘लेख खुसखुशीत आहे, घेत आहोत.’

नवऱ्याला मी कार्ड दाखवलं. त्याने ते दोन्ही बाजूंनी वाचलं.

“इथल्या लोकांनी वाचलं तर?” तो म्हणाला.

“इथे कोण वाचतंय?”

“दुकानदारांची नावं घातलीस?”

“नावं कशाला घालू? एक वाणी, एक शिंपी, असं लिहिलंय.”

माझं नाव मात्र वर ठळक छापणार होते आणि त्याखाली गावाचं नाव. हे मी त्याला सांगितलं नाही, कारण तेव्हा ते माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

दिवाळी आली, शाळेला सुट्टी लागली, आणि संपादकांनी पोस्टाने पाठवलेला अंक काही येईना. पोस्टात दोनदा जाऊन आले. शेवटी मला राहवेना. काकाला सांगितलं, या अमुक अंकाची एक प्रत मागवून द्या. त्याने त्याचं नावही कधी ऐकलं नव्हतं. “नवीन नियतकालिक आहे का?” त्याने विचारलं. मी हो म्हटलं आणि त्यात माझं काही आहे हे अर्थातच बोलले नाही.

धनत्रयोदशीच्या सकाळी मी अंक आणायला गेले. चौकात पणत्या, रांगोळीचे रंग, फटाके यांच्या गाड्या लागल्या होत्या, खानवेलकडून बाजाराला आलेल्या बायका पाट्या घेऊन बसल्या होत्या, आणि या सगळ्यांतून कारखान्यांचे ट्रक हॉर्न वाजवत वाट काढत होते. काकाने मला लांबूनच पाहिलं आणि तो स्टुलावरून उठून उभा राहिला. आठ वर्षांत तो माझ्यासाठी कधी उठला नव्हता.

“बेन,” तो म्हणाला, “आपल्या लेखणीत उपरोध आहे.”

“अंक आला?”

“परवाच आला. मी एका बैठकीत वाचला. भाषा ओघवती आहे. पण माझी व्यक्तिरेखा एकांगी झाली आहे.”

“काका, अंक द्या ना.”

“आपण लिहिलं की मी अंक आठवडाभर ठेवतो. हे सत्याला धरून नाही. मी तीन दिवस ठेवतो. आणि ‘चोखंदळ’ म्हणजे काय? तो शब्द चार वेळा आलाय.”

मी चोखंदळ म्हणजे काय ते सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं. मग मी पुन्हा अंक मागितला, तेव्हा तो जरा आश्चर्याने म्हणाला, “तो तर मी शेठना दिला. त्यांच्यावर साडेतीन पानं आहेत. त्यांनी वाचायला नको?”

मला त्याच्या दुकानातल्या सगळ्या वह्या फाडून टाकाव्याशा वाटल्या. “तो माझा अंक होता, काका. मी पैसे भरले होते.”

“हो, पण विषय तर त्यांचा होता,” काका म्हणाला. त्याच्या दृष्टीने हे पुरेसं होतं.

वाण्याचं दुकान तिथून दोन मिनिटांवर. ती दोन मिनिटं मी पंधरा मिनिटांत चालले. वाटेत मी स्वतःची समजूत घालत होते. त्याला मराठी बोलता येतं, पण वाचताना तो अडखळतो. साडेतीन पानं वाचायला त्याला दिवाळीच्या गर्दीत वेळ कुठला? दुकानाशी गेले तर गर्दी होती. तो डाळी तोलत होता. मी रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा त्याने वर पाहिलं आणि नुसतं विचारलं, “शुं आपुं?” काय देऊ. एरवी तो आधी नवऱ्याच्या पित्ताची चौकशी करायचा.

“शेठ, तो अंक...”

“हा. सुनेने वाचून दाखवला.” त्याची सून नाशिकची होती, हे माझ्या लक्षातच नव्हतं. “परवा संध्याकाळी. आख्ख्या घराने ऐकला.”

“ते विनोदी आहे, शेठ.”

“विनोदी म्हणजे मजाक?”

“हो.”

“अच्छा,” तो म्हणाला. “सूनपण तेच बोलली. ती हसली.” मग त्याने विचारलं, “म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला आवडत नव्हतं, बेन? बोलायचं ना.”

मागे उभ्या असलेल्या बाईने मला पिशवीने ढोसलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “एक किलो पोहे द्या.” फराळाचे पोहे मी आठवड्यापूर्वीच नेले होते. त्याने पिंपात हात घातला नाही, उजेडात काही धरलं नाही. सरळ एक किलो तोलून पुडा बांधून दिला. “बीजुं?” आणखी काही? मी मान हलवली. अंक कुठे आहे विचारलं, तर टेलरमास्तर मागून घेऊन गेला, असं त्याने सांगितलं आणि पुढच्या बाईकडे वळला.

बाहेर येऊन पुडा उघडून पाहिला. पोहे जाडे होते.

टेलरमास्तरच्या दुकानात मी शिरले ती भांडायच्या किंवा माफी मागायच्या, दोन्ही तयारीने. मास्तर मशीनवर नव्हता. तो बाकावर बसला होता आणि समोरच्या दोन गिऱ्हाइकांना काहीतरी सांगत होता. मला पाहून त्याचा चेहरा उजळला.

“ह्या पहा, ह्याच बाई,” तो त्यांना म्हणाला. “ह्यांनीच माझ्यावर पुस्तकात लिहिलं.”

“मास्तर, तुम्हाला राग नाही आला?”

“राग कशाचा? तुम्ही लिहिलं ना, ह्या माणसाचं माप डोळ्यात राहतं. नाशिकपर्यंत छापून आलं. मी काल पाच जणांना वाचून दाखवलं.”

“पुढचं वाचलं का तुम्ही? दीड इंचाचं?”

“वाचलं की. बरोबर लिहिलं तुम्ही. शिलाईत दीड इंच ठेवायलाच लागतो. आजकालचे टेलर ठेवत नाहीत.”

लग्नाच्या फोटोंवर मी जे पानभर लिहिलं होतं, ज्यावर माझा खरा राग होता, ते त्याने साडीच्या रंगाचं वर्णन म्हणून वाचलं होतं. मोरपंखी रंग फोटोत छान उठून दिसतो, असंही म्हणाला. मी इतकी वैतागले की भांडायची ताकदच राहिली नाही. मी विचारलं, “माझा दिवाळीचा ब्लाउज?”

मास्तर कॅलेंडरकडे बघायला लागला. “काय सांगू, बाई. कालचा अख्खा दिवस तुमचा लेख वाचून दाखवण्यात गेला.”

अंक त्याच्याकडेही नव्हता. तो समोरच्या रेडिओ-मिक्सर दुरुस्त करणाऱ्याने नेला होता. हा माणूस डहाणूकडचा. एका कारखान्यात फिटर होता आणि सुट्टीच्या दिवशी व संध्याकाळी दुकान उघडायचा. माझ्या लेखात तो नव्हता. चौदा पानं संपली तेव्हा मी दमले होते, एवढंच त्याचं कारण. त्यामुळे इथे तरी आपल्याला काही ऐकून घ्यावं लागणार नाही, असं वाटून मी निवांत पायरी चढले.

तो एका उघड्या मिक्सरवर वाकला होता. वर न बघताच म्हणाला, “दोनदा वाचला. माझं कुठेच नाही.”

“नाही, ते फक्त तीन दुकानांवर...”

“सात वर्षं तुमचा मिक्सर मी सांभाळतोय. रेडिओ माझ्याकडे, इस्त्री माझ्याकडे. त्या वाण्याला साडेतीन पानं. आणि मला एक ओळपण नाही?”

“अहो, ती काही स्तुती नाहीये. मी तक्रारी लिहिल्यात.”

“मग माझ्याबद्दल तक्रार नाही तुमची?” त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. “मागच्या वर्षी मिक्सर उलटा फिरायला लागला होता. त्याचं काहीच नाही वाटलं?”

“वाटलं होतं.”

“मग लिहायचं होतं.”

पुढच्या वेळी नक्की, असं पुटपुटले. तेव्हा कुठे त्याने सांगितलं की रेडिओ न्यायला माझा नवरा तासाभरापूर्वी येऊन गेला, आणि अंक त्याच्याकडे दिलाय.

घरी आले तर नवरा व्हरांड्यात खुर्ची टाकून अंक वाचत होता. शेजारी रेडिओ होता, बंद. अंकाची अवस्था मी सांगत नाही. कव्हरवर डाळीचं पीठ होतं, आतल्या पानांवर टेलरच्या खडूच्या निळ्या खुणा होत्या, आणि काकाच्या पेन्सिलीच्या रेघा. माझं छापलेलं पहिलं लिखाण गावात सगळ्यांचं वाचून झाल्यावर मी पाहत होते. मला वाटलं होतं, नवं कोरं पान उघडेन, शाईचा वास येईल. वास हिंगाचा येत होता.

“मला पित्ताचा त्रास आहे,” नवरा म्हणाला, “हे सगळ्या महाराष्ट्राला सांगायची काही गरज होती?”

“ते ओघात आलं.”

“‘माझा नवरा ढेकर देतो तेव्हा शेजारचं कुत्रं उठून बसतं.’ हे ओघात आलं?”

त्या दिवाळीत आमच्या घरी फारसं बोलणं झालं नाही.

नवऱ्याचा राग भाऊबीजेपर्यंत उतरला. मास्तर तर खूशच होता, काका मला भेटेल त्याच्यासमोर ‘आमच्या लेखिका’ म्हणू लागला, त्याचाही त्रासच होता पण तो सोसण्यासारखा. वाण्याचं मात्र काही केल्या सरळ होईना.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडला नाही, अबोलाही धरला नाही. मी जे मागेन ते तो देऊ लागला. दोन किलो तूरडाळ मागितली की दोन किलो तूरडाळ. कुळीथ मागितले, तर पुढच्या आठवड्यात त्याने वापीहून कुळीथ आणवून ठेवले आणि एक शब्द न बोलता पुड्यात बांधून दिले. मी आठ वर्षं जे मागत होते ते सगळं मला मिळत होतं. आणि घरात काहीच नीट होत नव्हतं. डाळ शिजता शिजेना. तांदूळ नवा निघाला, भाताचा गोळा व्हायचा. गूळ खारट. मला कळतच नव्हतं की कोणत्या पोत्यातलं घ्यायचं आणि कोणत्यातलं नाही, कारण ते मला कधी बघावंच लागलं नव्हतं. नवऱ्याचं पित्त डिसेंबरात इतकं वाढलं की डॉक्टरांकडे न्यावं लागलं.

दुकानात मी मुद्दाम विचारून पाहिलं, “शेठ, हा तांदूळ कसा आहे?”

“चांगला आहे.”

“भाताला चालेल?”

“तुम्ही बघा, बेन. तुम्हाला पसंत असेल तर.”

शेजारच्या बाईला मात्र तो सांगत होता की ताई, आज हरभरा नको, किडका आहे. मी तिथेच उभी होते. त्या बाईचा मला असा हेवा वाटला की आता आठवलं तरी लाज वाटते.

जानेवारीत मी चिडून नव्या दुकानात गेले. कारखान्यांच्या वसाहतीकडे तेव्हा एक मोठं दुकान निघालं होतं, सगळं सामान प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद करून फळ्यांवर मांडलेलं. आपलं आपण उचलायचं, कोणी काही बोलत नाही. मी तासभर फिरले. शेवटी चार पिशव्या उचलून बाहेर पडले आणि घरी जायचं सोडून पाय तसेच वाण्याच्या दुकानाकडे वळले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक कोणी नव्हतं. त्याने माझ्या हातातल्या त्या चकचकीत पिशव्या पाहिल्या. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि साखरेच्या पोत्यावर बसले. तिथे कोणी बसलेलं त्याला खपत नसे, पण त्या दिवशी त्याने उठवलं नाही.

“शेठ, माझं चुकलं,” मी म्हटलं.

तो तराजूचं पारडं फडक्याने पुसत राहिला.

“मी खोटं लिहिलं नव्हतं,” मी म्हटलं. “पण अर्धंच लिहिलं.”

“खोटं असतं तर मी तुमच्याशी भांडलो असतो,” तो म्हणाला. “खरं होतं म्हणून गप्प बसलो. मला वाटायचं, बेन गावाकडून आल्यात, आई नाही जवळ, सासू नाही, नोकरी करतात, डाळ बघायला वेळ कुठला. म्हणून मी बघायचो. तुम्हाला ते छळ वाटलं.”

मला रडू यायला लागलं आणि त्याचा मला रागही आला, कारण छळ तर तो होताच. दोन्ही खरं होतं. दोन्ही एकदम कसं सांगायचं ते मला चौदा पानांत जमलं नव्हतं, पोत्यावर बसून काय जमणार? मी एवढंच म्हटलं, “साहेबांचं पित्त फार वाढलंय. काय देऊ त्यांना?”

त्याने फळीवरून डबा काढला, धन्यांची पुडी बांधली आणि रात्री भिजत घालून सकाळी गाळून द्या, असं सांगितलं. नव्या दुकानाच्या पिशव्यांतली एक उचलून त्याने प्लॅस्टिकवरूनच आतली डाळ चाचपली. “ही पॉलिश मारलेली आहे,” म्हणाला आणि बाजूला ठेवली. एवढंच.

त्यानंतर तो माझ्याशी बोलू लागला. पण पहिल्यासारखं नाही. पूर्वी तो हुकूम सोडायचा, आता विचारायचा. “हे देऊ का, बेन? की तुम्हाला दुसरं हवं?” प्रत्येक वेळी तो मला विचारायचा, आणि प्रत्येक वेळी मला आतून टोचायचं. मी कधीकधी मुद्दाम चुकीची वस्तू मागायची, तो नको म्हणेल म्हणून. तो थबकायचा, तोंड उघडायचा आणि मग तोलून द्यायचा. एकदोनदाच त्याच्याने राहवलं नाही.

पुढल्या वर्षी श्रावणात संपादकांचं कार्ड आलं, यंदाही असंच काहीतरी खुसखुशीत पाठवा. मी दोनदा लिहायला बसले. दोन्ही वेळा पहिल्याच पानावर, ज्याच्यावर लिहीत होते तो माणूस डोळ्यांपुढे येऊन बसला आणि मी कागद घडी करून ठेवला. अंक निघायची वेळ होऊन गेली.

त्या दिवाळीच्या आधी मी सामान भरायला गेले, तेव्हा वाण्याने साखर तोलताना विचारलं, “यंदा काय लिहिलं?”

“काही नाही.”

“का?”

“वेळ नाही मिळाला, शेठ.”

त्याने पुड्याला दोरा गुंडाळला, गाठ मारली, दोरा दाताने तोडला. “लिहायला पाहिजे होतं,” तो म्हणाला. “सून विचारत होती.”

तो हे मनापासून म्हणत होता की मला डिवचायला, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. मी घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत होते, आणि घरी आल्यावर पाहिलं तर साखरेच्या गडबडीत मीठ आणायचं राहिलं होतं. पूर्वी मी विसरले असते तरी त्याने ते पिशवीत टाकलं असतं.